दादांचं पासिंग

आमच्या घरात पत्र्याच्या ट्रकलासुद्धा पासिंग लागायचं. खऱ्या ट्रकला दरसाल आरटीओच्या साहेबापुढं उभं राहून ब्रेक, दिवे, टायर दाखवावे लागतात, मगच तो रस्त्यावर चालायला मोकळा होतो. ड्रायव्हर लोक त्याला पासिंग म्हणतात. माझे ट्रक जेमतेम दीड वितीचे, तरी माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, ओट्यावर मांडी घालून ते मागंपुढं फिरवून ‘पास’ म्हटल्याशिवाय मी त्यांच्यावर नंबर लिहीत नसे. दादा आयुष्यभर साहेब लोकांपुढं टोपी हातात घेऊन उभे राहिले, त्याचा सगळा वचपा ते रविवारी सकाळी माझ्यावर काढायचे. एकदा मी मागच्या चाकांमागं चिखल अडवायचं रबर लावायला विसरले, तर त्यांनी आठ दिवस ट्रक अडकवून ठेवला. मी रडले, तर म्हणाले, साहेबापुढं रडून पासिंग होत नसतं.

हे प्रकरण त्या पासिंगचं आहे आणि दादांच्या डोळ्यांचं आहे. ते लिहायचं मी आजवर टाळत आले. भाचा म्हणतो, आत्या, तुझ्या ट्रकांचं लिही की, मजेशीर आहे. मजेशीर! त्याला निम्मंच ठाऊक आहे.

न्हावऱ्यात आमचं घर रस्त्याला लागून होतं. पुढं ओटा, बाजूला कांद्याची चाळ, मागं दोन म्हशी. दादा शिरूरच्या आप्पांच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. आप्पा म्हणजे मालक, चार गाड्यांचे धनी, पण दादांच्या हातातली नाकवाली, म्हणजे पुढं बॉनेट असलेली, गाडी आम्ही आमचीच समजत होतो. ती गाडी वळणावर आली की दादा एक लांब आणि दोन आखूड हॉर्न द्यायचे. तो ऐकला की आई तव्याखाली जाळ सारायची आणि भाकरी थापायला घ्यायची, म्हणजे पाय धुऊन ताटावर बसेपर्यंत पहिली भाकरी पापुद्रा सुटून तयार. शेंगदाण्याची चटणी, कांदा, थंडीत हुलग्याची शेंगोळी, आणि शेवटी चहा. चहा असा गोड की चमचा उभा राहावा. आई म्हणायची, साखर कारखान्याला इथनंच उलटी जात असंल.

ट्रक करायचा नाद मला कुठून लागला ते सांगता येत नाही. पोरीच्या जातीला हा नाद म्हणून गावानं बोलायचं ते बोलून घेतलं. दळणाला गेलं की बाया विचारायच्या, काय गं सुमे, नवरा डायवरच करायचा का? मी म्हणायची, कशाला, मीच डायवर होते, नवऱ्याला किन्नर ठेवते. किन्नर म्हणजे ड्रायव्हरचा मदतनीस. मग हसायच्या आणि माझं दळण आधी लावायच्या. सामान सगळं घरातलं आणि उकिरड्यावरचं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केबिन, आंब्याच्या पेटीच्या फळ्यांचा हौदा, झिजलेल्या स्लिपरचे टायर, केसांच्या आकड्याच्या तारेचे वायपर, शर्टाच्या खोक्यावरच्या प्लॅस्टिकची काच. मागचे लाल दिवे म्हणजे आईच्या टिकल्या. ताडपत्री मोडक्या छत्रीची. रंग मात्र खरा, ट्रकवर नंबर आणि फुलं रंगवणाऱ्या शिरूरच्या पेंटरकडून डब्याच्या बुडातला खरवडून आणलेला.

माप दादांनी शिकवलं. त्यांच्या वितीनं खरा ट्रक मोजायचा आणि एका वितीला माझ्या अर्ध्या बोटाची रुंदी धरायची. पहिल्या ट्रकला मी केबिन त्यांच्या वितीनं मोजली आणि ते जेवायला आत गेल्यावर हौदा माझ्याच वितीनं मोजून टाकला. हौदा मालगाडीएवढा लांब झाला. आता भाच्याच्या फोनवर जगभरच्या नादखुळ्यांचे ट्रक आणि विमानं बघते, तर त्यांच्यात पुष्कळ जण हेच माप धरतात, चोविसास एक. खोक्यातनं तयार भाग येतात, वर गंज कसा दाखवावा, चिखल कसा उडवावा यावर तासतासभर बोलतात. मला हसू येतं. आमच्या ट्रकला गंज दाखवावा लागत नव्हता, पत्राच गंजका होता.

दादांची नजर काय होती ते एका गोष्टीवरून कळेल. एकदा मी सगळी मापं चोख घेऊन ट्रक केला, खिळा न् खिळा मोजून. दादांनी हातात न घेताच, दारातनंच बघून म्हटलं, ‘माल उतरीव की आधी.’ मला काही कळेना. मग लक्षात आलं, मी मापं घेतली त्या दिवशी गाडीत कांदा भरलेला होता. वजनानं पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, दबलेले, हौदा टायरावर बसलेला. माझा ट्रक रिकामा होता, पण भरल्यासारखा खाली बसला होता. असली चूक दारातनं ओळखणारा माणूस. म्हणून तर पुढचं मला इतकं लागलं.

मी बारावी होऊन घरीच होते, त्या वर्षीच्या गणपतीत मी एक ट्रक पुरा केला. नारिंगी रंग संपला होता. शिरूरला जायला वेळ नव्हता, म्हणून मी बाजूच्या इशाऱ्याच्या दिव्यांना लालच रंग फासला आणि शिव्या खायच्या तयारीनं तो दादांच्या हातात दिला. त्यांनी फिरवला, बोटं फिरवली, डावीकडचा आरसा हलतोय म्हणाले आणि पास केला. मी खूश झाले, चोरी पचल्यासारखी. संध्याकाळी भांडी घासताना मात्र ती खुशी उतरली. आरसा केसभर हललेला कळतो आणि धडधडीत लाल दिवा दिसत नाही? मग मी मागचं एकेक आठवायला लागले. त्या वर्षात दादांनी काय काय चुका काढल्या होत्या? फाळक्याची, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेची, कडी सैल, एक रिव्हेट कमी, चाक अडतंय, दाराची धार लागते. एकूण एक चूक बोटांना कळणारी होती. रंगाची एकही नव्हती. आणि पूर्वी ते आत चुलीच्या उजेडात पासिंग करायचे, ते अलीकडं ‘उन्हात आण’ म्हणायला लागले होते. माझ्या हातातली राख तशीच राहिली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी काय केलं? परीक्षा घेत बसले. दर रविवारी एक नवी चूक रंगवायची. एका ट्रकला डावं दार हिरवं आणि उजवं निळं केलं. एकाच्या बंपरवरचे पांढरे पट्टे उलटे मारले. प्रत्येक वेळी मी देवाचं नाव घेत हातात द्यायची की आज तरी ओरडू देत. ते बोटं फिरवायचे, काही तरी बारीकसं काढायचे आणि म्हणायचे, पास. पास म्हटलं की दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मला तो शब्द नकोसा झाला होता.

का बोलले नाही, याचा मी चाळीस वर्षं विचार केला आहे. घर त्या स्टेअरिंगवर चालत होतं हे खरं, पण ते कारण नव्हतं. दादांना गाडीशिवाय दुसरं काही नव्हतं. शेतात त्यांचं मन रमत नसे, देवळात बसत नसत, पारावर बोलत नसत. गाडीवर बसले की बोलायला लागायचे, गायचेसुद्धा. ती गाडी मी काढून घ्यायची? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी मी मूठ झाकून ठेवली आणि तिच्यात काय आहे ते फक्त मला ठाऊक आहे असं समजत राहिले.

मग माझे दिवस हॉर्नवर चालायला लागले. गाडी गेली की मी मनातल्या मनात तिच्यामागं जायची. आता भीमेवरचा पूल आला असेल, आता चौफुला, आता यवत. परतीची वेळ टळली की माझं कशात लक्ष लागत नसे. दुधात पाणी घालायचं तर पाण्यात दूध घातलं एकदा. आई म्हणाली, कुणी मनात भरलाय का काय तुझ्या? दिवाळीच्या आधी एकदा गिरणीत उभी होते, तर एसटीतनं उतरलेला एक जण सांगत आला, कासुर्डीजवळ ट्रक उलटलाय, कांद्याचा, हायवेवर कांदाच कांदा. दादा त्या दिवशी कांदा घेऊनच पुण्याला गेलेले. मी दळण तिथंच टाकलं आणि फाट्यापर्यंत पळत गेले. येणाऱ्या प्रत्येक एसटीच्या कंडक्टरला विचारत होते, गाडीचं नाक कसलं, रंग कसला. कुणी म्हणे लाल, कुणी म्हणे बघितलाच नाही. दोन तास फाट्यावर उभी. त्या दोन तासांत मी खंडोबाला कबूल केलं की आज दादा धड आले तर आजच सांगेन, तोंडावर सांगेन, मग काय व्हायचं ते होऊ दे.

दादा आले. एक लांब, दोन आखूड. उलटला तो दुसराच कुणाचा तरी ट्रक होता. मला फाट्यावर बघून त्यांनी गाडी थांबवली, वर घेतलं, भेळेचा पुडा मांडीवर ठेवला आणि म्हणाले, हितं काय करतीस उन्हात? मी म्हटलं, दळणाला आले होते. दळण गावात आणि मी फाट्यावर! त्यांनी गिअर टाकला. खंडोबाला मी फसवलं ते फसवलंच. घरी येऊन भेळ खाल्ली, ती गोड लागली, याची मला आजही लाज वाटते.

संक्रांतीनंतर दादांना दौंडला रेल्वेच्या मालधक्क्यावर कांदा उतरवायला जायचं होतं. मला दौंडला मावशीकडं जायचंय असं मी खोटंच सांगितलं आणि केबिनमध्ये बसले. दादांच्या शेजारी खिडकीला नाना. नाना म्हणजे मांडवगण फराट्याचे, पंचावन्न-छप्पन्न वर्षांचे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले. किन्नर बहुतेक पोरगेला असतो, पण नाना या गाडीवरच म्हातारे झाले होते. मी मध्ये बसले. गाडी सुटली आणि नाना बोलायला लागले. आधी वाटलं, म्हाताऱ्याला बडबडायची सवय आहे. ‘ऊस हाय पुढं, दोन बैलगाड्या. डावीकडं सायकल. एसटी येती, दाबा जरा. आता मोकळं, जाऊ द्या.’ भीमेच्या पुलावर नानांचा आवाज एकदम बारीक आणि घाईचा झाला. ‘बाई हाय, चाऱ्याचा भारा हाय डोक्यावर, डावीकडं, डावीकडं, उजवी घ्या उस्ताद.’ दादांनी उजवी घेतली. ती बाई आमच्या आरशाला लागून गेली, भाऱ्याच्या पेंढ्या खिडकीतनं माझ्या मांडीवर पडल्या. मी दादांकडं बघितलं. ते समोर बघत होते, पण त्यांचा कान नानांकडं होता. नजरेचा माणूस कानानं गाडी चालवत होता.

मालधक्क्यावर हमालांनी पोती उतरवायला सुरुवात केली आणि दादा पाण्याच्या नळावर गेले. त्या वर्षी त्यांना सारखी तहान लागायची, तांब्यावर तांब्या रिकामा व्हायचा. त्याचा आणि डोळ्यांचा काही संबंध असेल हे आम्हाला कुणाच्या बापाला ठाऊक? मी नानांना गाठलं. म्हटलं, नाना, दादांना दिसत न्हाई. नानांनी विडी विझवली, आजूबाजूला बघितलं.

‘अळीमिळी गुपचिळी, पोरी,’ नाना म्हणाले. ‘मी हाय न्हवं शेजारी? मी हाय तवर काय होत न्हाई.’

मला त्या शब्दांचा धीर आला, हे कबूल करते. भित्र्या माणसाला दुसरा भित्रा भेटला की त्याला धीर आल्यासारखं वाटतं. म्हणजे आता ठाऊक असलेले दोघं झाले आणि दोघंही गप्प. आईला ठाऊक होतं का, ते मला आजही सांगता येत नाही. ती त्यांचा तांब्या रोज एकाच जागी, उजव्या गुडघ्याशी ठेवायला लागली होती. पण ती नीटनेटकीच होती, तिचं सगळं जागच्या जागी.

शिमगा झाला आणि नाना हौद्यावर ताडपत्री बांधताना दोर तुटून खाली आले. पाय मोडला. सरकारी दवाखान्यात पायाला प्लास्टर घालून त्यांना मांडवगणला नेऊन सोडलं. आप्पांचा निरोप आला, सोमवारी सोलापूरचा माल आहे, किन्नर दुसरा मिळेल तेव्हा मिळेल, एवढी खेप एकट्यानं मारा. दादा म्हणाले, मारतो. आई त्यांची भाकरी किती बांधायची याचा हिशोब करायला लागली. तेव्हा शनिवार होता.

त्या दिवशी मी एक काम केलं, जे कधी केलं नव्हतं. मी दादांच्या स्वतःच्या गाडीचा ट्रक करत होते. सहा महिने लागले होते त्याला. डाव्या मडगार्डवरचा पोचा, मधल्या फळीला मारलेला ठिगळाचा पत्रा, सगळं जसंच्या तसं. पासिंग व्हायचं होतं, आणि पासिंगच्या आधी नंबर लिहायचा नाही हा आमच्या घरचा कायदा. मी नंबर लिहिला. दादांच्या गाडीचा नंबर होता पस्तीस बेचाळीस. मी पिवळ्या पाटीवर लिहिलं अकरा अकरा, आणि पाटीवरच नाही, मागच्या फाळक्यावर अख्ख्या उंचीचे चार काळे दांडके ओढले. डोळस माणूस दहा पावलांवरून हसला असता. शेवटचा एक वाकडाच आला.

रविवारी सकाळी दादा ओट्यावर उन्हात बसले. अंघोळ झालेली, कपाळाला बुक्का, आत आई मिरच्या कुटत होती. मी ट्रक घेऊन आले. त्यांनी नेहमीसारखे दोन्ही हात पुढं केले. मी मागं सरले.

‘आज हातात घ्यायचं न्हाई, दादा,’ मी म्हटलं. ‘आज लांबनं बघा.’

त्यांचे हात तसेच राहिले, मग हळूच मांडीवर आले. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ट्रक त्यांच्याकडं पाठ करून धरला, फाळका समोर. मला वाटत होतं, मी हे काय करतेय, जन्मदात्या बापाला चव्हाट्यावर उभं करतेय. म्हटलं, नंबर वाचा.

‘पस्तीस बेचाळीस,’ दादा म्हणाले. ताबडतोब म्हणाले, हसून म्हणाले.

‘त्यो नंबर न्हाई लिवला मी.’

आत मुसळ चालूच होतं. दादा बराच वेळ ट्रकाच्या दिशेनं बघत राहिले. डोळे बारीक केले, मान एकदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं कलती केली. मला ते बघवेना, पण मी ट्रक खाली केला नाही. मग ज्या माणसानं दारातनं पाटे ओळखले होते, त्यानं मला विचारलं, ‘मग कुठला लिवलाय गं?’

मी सांगितलं. अकरा अकरा, असा नंबर असतो व्हय, असं काहीतरी ते हसत म्हणायला लागले आणि ते हसू मध्येच थांबलं. मी रडत होते. त्यांनी विचारलं, नानानं सांगितलं का? मी म्हटलं, मी बसले होते गाडीत, मला कान न्हाईत का? उद्या नाना न्हाई तुमच्याशेजारी. पुलावर बाई आली तर कोण सांगंल? एवढं मी त्यांच्याशी जन्मात बोलले नव्हते. मला वाटलं उठून मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते उठले, खुंटीवरची गाडीची किल्ली चाचपून घेतली, चपला घातल्या आणि म्हणाले, आप्पांकडं जाऊन येतो. मी येते म्हटलं तर नको म्हणाले. एसटीनं शिरूरला गेले आणि दुपारी मोकळ्या हातानं परत आले. तिथं काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आप्पांनीही सांगितलं नाही. सोमवारी गाडी दुसऱ्यानं नेली. ती आमच्या घरावरनं गेली तेव्हा दादा मागं म्हशींपाशी होते. हॉर्न वाजला नाही.

आप्पांनीच पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली होती. दादा, आई आणि मी गेलो. डोळ्यांत औषध घालून दोन तास बसवलं, रक्त तपासायला नेलं, मग आत बोलावलं. आई बाहेर पिशव्यांपाशी थांबली. डॉक्टर चांगले होते, घाईत नव्हते. म्हणाले, साखरेचा आजार आहे, बरीच वर्षं असणार, आणि तुम्हाला पत्ताच नाही. साखरेनं डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्त उतरलंय. मग त्यांनी विचारलं, दिसायला कधीपासून कमी झालं? दादा म्हणाले, झाला असंल महिना. डॉक्टरांनी ते कागदावर लिहायला घेतलं. मला वाटलं, चुकीचं लिहिलं तर औषध चुकीचं देतील. म्हणून मी म्हटलं, महिना नाही, गणपतीपासून.

डॉक्टरांचा पेन थांबला. त्यांनी दादांकडं न बघता माझ्याकडं बघितलं. म्हणाले, ‘सात महिने? अहो, तेव्हाच आणायचं होतं ना. उजवा डोळा आता जवळजवळ गेलेला आहे. तेव्हा लेझर केलं असतं तर कदाचित हाही वाचला असता.’ डावा टिकवायचा प्रयत्न करू, असंही म्हणाले. तो पुढं टिकला, थोडका का होईना, दादांना शेवटपर्यंत ताटातली भाकरी दिसत होती. पण ते तेव्हा कुठं ठाऊक होतं? मला फक्त उजवा डोळा ऐकू आला. मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, ‘तिला कुठलं ठावं, साहेब. मीच बोललो न्हाई कुणाला. पोर हाय ती.’

बाहेर आलो. आई औषधं आणायला खिडकीवर गेली. आम्ही दोघं बाकावर. तिथं डोळ्यांना पट्ट्या लावलेली माणसं ओळीनं बसली होती आणि त्यांच्यापाशी कुणी ना कुणी हात धरायला होतं. दादा हळू आवाजात म्हणाले, ‘गणपतीतच कळलं व्हतं तुला?’

मी मान हलवली. मग लक्षात आलं, मान हलवलेली त्यांना दिसत नाही. म्हणून तोंडानं म्हटलं, ‘व्हय. बाजूच्या दिव्यांना लाल रंग फासला व्हता, तरी तुमी पास म्हणलात.’

‘मग बोलली का न्हाईस?’

‘तुमास्नी वाईट वाटंल म्हणून.’

दादांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिची घडी सारखी केली. म्हणाले, ‘लाल दिवं केलं व्हतंस म्हंजी त्या टायमाला. मला काय दिसलं न्हाई. पन तू हातात देताना श्वास धरायचीस, त्यो ऐकू यायचा. काय तरी चुकीचं रंगवलंयस येवढं कळायचं. न्हाई दिसत म्हणलो असतो तर तू रडली असतीस. म्हणून पास म्हणत गेलो.’

आई औषधं घेऊन आली आणि आम्ही उठलो. एकमेकाला वाईट वाटू नये म्हणून आम्ही बापलेकीनं मिळून एक डोळा घालवला. आईला हे आम्ही कधीच सांगितलं नाही.